मला न झालेला दमा

नातीला घेऊन ओरोसला डॉक्टरांकडे गेले होते. पावसाळ्यापासून तिचा खोकला हटत नव्हता आणि संध्याकाळ झाली की छातीत मांजर घुरघुरल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ. त्यांनी तिची छाती तपासली, पाठ तपासली आणि सुनेला विचारलं, "घरात झुरळं आहेत का?" सून अशी लाजली, जणू झुरळं तिच्या माहेरून आली होती. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झुरळांची घाण, त्यांचे झडलेले पंख, जुन्या गाद्यांतली धूळ आणि धूपाचा धूर यांनी अशा मुलांची छाती आवळते. मुलीला मोकळ्या हवेत झोपवा. धान्याची पोती ठेवलेल्या खोलीत तर अजिबात नको.

मी फिसकन हसले. आवरायला गेले तशी जास्तच हसले, शेवटी पदर तोंडात कोंबला.

"आई, यात हसण्यासारखं काय आहे?" सून दबक्या आवाजात म्हणाली.

काय सांगणार? हा डॉक्टर जे जे करू नका म्हणत होता, ते सगळं आमच्या घरी एका खोलीत, एका मुलीला, अतिशय प्रेमाने केलं होतं. आणि मी? मी त्या मुलीवर इतकी जळत होते की त्या धगीवर घरची चूल पेटली असती.

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमचं घर मालवणच्या दक्षिणेला, समुद्राच्या अगदी काठावर. अंगणापुढे माडांची एक रांग आणि पलीकडे वाळू. घरात आजी, आई आणि मी. बाबा मुंबईला गोदीत नोकरीला, धाकटे काकाही तिकडेच. काकांचं बिऱ्हाड गिरगावातल्या एका खोलीत. बाबा वर्षातून एकदा यायचे, त्यामुळे घर आम्हा तीन बायकांचं होतं, आणि त्यातली मी स्वतःला दोन नंबरची समजत होते. पहिला नंबर अर्थात आजीचा. आईचा नंबर मी धरलाच नव्हता.

माझा हा मोठेपणा कशावर उभा होता, तर भाताच्या खोलीवर. घराच्या पोटात ती एक खोली होती, खिडकी नसलेली. कापणी-मळणी झाली की नवं भात गवताच्या दोरांनी आवळून त्याच्या गोल गोल मुडी बांधायच्या आणि या खोलीत एकावर एक रचायच्या. वर माळ्यावर सुकी मासळी, कोकमं, लसणीच्या जुड्या, जुनी गोधडी आणि कधी ना कधी लागतील म्हणून ठेवलेली मडकी. खाली एक भला मोठा लाकडी पेटारा. पेटाऱ्यात गूळ, काजू आणि जत्रेतून आणलेलं खाजं, आणि पेटाऱ्यावर आजीचं अंथरूण. त्याची किल्ली आजीच्या कमरेला. आजी भाताची राखण करायला म्हणून तिथे निजायची आणि मी आजीची राखण करायला म्हणून तिच्या कुशीत. पेटाऱ्यावर एक म्हातारी आणि एक पोर एवढीच जागा होती. निजायच्या आधी आजी कूस बदलायची, झाकण किंचित उचलायची आणि काळोखात माझ्या हातावर गुळाचा खडा यायचा. आईला हे माहीत नव्हतं असं मला वाटायचं.

त्या खोलीत झुरळं होती. उंदीर होते. पेटाऱ्याच्या फटीत ढेकूण होते, ते दर उन्हाळ्यात उकळतं पाणी ओतून मारायचे आणि ते दर पावसाळ्यात परत यायचे. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. झुरळ अंगावर पडलं की झोपेतच झटकायचं, एवढं तर आम्हाला दुधाच्या दातांबरोबर आलं होतं.

मग कार्तिकात, बोटी सुरू झाल्यावर, काका आपल्या मुलीला घेऊन आले. माझ्याच वयाची, मी तिच्याहून काही महिन्यांनी मोठी. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीतून किनाऱ्याला यायची. होडीतून उतरल्यावर सगळ्यांना गुडघाभर पाण्यातून चालत यावं लागे. ही आली ती एका खलाशाच्या खांद्यावर बसून. पायांतले पांढरे मोजेसुद्धा कोरडे. मी वाळूत उभी राहून ते मोजे पाहिले आणि तिथेच मी जळायला लागले.

काका आजीला म्हणाले, "आये, हिच्या छातीक मुंबयची हवा सोसत नाय. डागतर सांगता, समुद्राची हवा व्हयी. शिमग्याक मी येतंय, तवसर ठेव. बरा वाटला तर बघू. नाय वाटला तर परत नेतलंय आणि मोठ्या इस्पितळात दाखयतलंय."

आजी म्हणाली, "तू काय काळजी करू नको."

काका पुढच्या बोटीने परत गेले. त्यांची पाठ वळली आणि आजीने पदर खोचला. "समुद्राची हवा म्हणे! डागताराक काय कळता? वाऱ्यानच तर पोरा खोकतत. हयसर मतलय सुटलो की धडधाकट माणूस आडवो पडता." मतलय म्हणजे थंडीत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. आजीने जन्मभर पोरांना दोनच गोष्टींपासून वाचवलं होतं: एक दृष्ट आणि दुसरा वारा. तेव्हा हवेसाठी मुंबईहून आलेल्या मुलीला तिने घरातल्या एकमेव अशा जागी ठेवलं, जिथे हवा अजिबात नव्हती. भाताच्या खोलीत. पेटाऱ्यावर. आपल्या कुशीत.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू आवशीबरोबर लोट्यार नीज."

लोटा म्हणजे आमची पुढची ओटी. तिथे आईचं अंथरूण असे. समोर अंगण, अंगणात तुळस, पलीकडे माड आणि समुद्राचा आवाज. आज कोणी मला तिथे झोपायला जागा दिली तर मी तिचं भाडं भरीन. तेव्हा मात्र मला राज्यातून हाकलून वनवासात पाठवल्यासारखं वाटलं. मी चटईवर पडून छताकडे बघत राहिले आणि आतून आजीचा आवाज ऐकला, "हात पुढे कर गो, बाय." माझा गुळाचा खडा! तो तिकडे गेला.

मग जे सुरू झालं त्याची यादी करायची म्हटली तर माझ्या हातून वही फाटेल. तिला शाळा नाही. मी पाटी-दप्तर घेऊन उन्हातून चालत जाते आणि ती लोट्यावर बसून निळ्या फ्रॉकची झालर चाळवते. तिला शेजारच्या वाडीतून शेळीचं दूध. तिच्या तळपायांना मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, चोळायचं. छातीवर रुईचं पान गरम करून लावायचं. तिच्यासाठी मुंबईहून आलेलं तांबडं औषध, बाटली उघडली की पेपरमिंटचा वास यायचा. ती ते औषध घेताना मी समोर बसून आवंढे गिळायचे आणि नंतर बाटलीचं बूच चाटायचे. जत्रेला आम्ही गेलो, ती गेली नाही, कारण दशावतार बघत रात्रभर गारठ्यात बसणं तिला कसं झेपणार? तर म्हणे बिचारीला जत्रा मिळाली नाही म्हणून तिच्यासाठी जास्त खाजं. मी म्हटलं, "मी रात्रभर चालान पाय दुखवलंय, त्याचा काय?" आई म्हणाली, "पाय तुझे, हौस तुझी."

आणि ती बोलायची कशी! "आजी, मला थोडं पाणी हवंय." मला! हवंय! आम्ही "माका व्हया" म्हटलं की मास्तर छडी उगारायचे. आजी तिच्या तोंडातून "हवंय" ऐकलं की विरघळायची. "बघा, कसा शुद्ध बोलता माझा चेडू!"

बरं, एवढं सगळं करून मुलगी बरी होत होती का? तर नाही. जास्तच बिघडत होती. दिवसा लोट्यावर असताना बरी असायची, संध्याकाळी खोलीत गेली की छाती वाजायला लागायची. पण घरात कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. आजीचा हिशेब सरळ: संध्याकाळी छाती वाजते, कारण दिवसभर वारा लागतो. म्हणून तिने दिवसाही दार लोटायला सुरुवात केली. आणि खोलीत डास, झुरळं आणि भातातले किडे फार म्हणून रोज तिन्हीसांजेला धुरी. निखाऱ्यांवर नारळाच्या सालीची सोडणं, कडुनिंबाचा पाला आणि राळ घालायची, खोलीत ठेवायची आणि दार बंद करायचं. धुराने झुरळं बाहेर यायची नाहीत. ती मुडींच्या आत खोल सरकायची. पेटाऱ्यावर मात्र एक मुलगी बसलेली असायची.

हे सगळं आज दिसतं. तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच, की दमा ही फार उत्तम वस्तू आहे आणि ती मला मिळाली पाहिजे.

मी तयारी केली. विहिरीमागे बसून आवाज काढून पाहिले, पण घशातून नुसतंच खरखर निघे. मग मला माडाच्या पात्याची पिपाणी सुचली. आमच्याकडची पोरं माडाचं पातं गुंडाळून पिपाणी करतात. मी अगदी बारीक, बोटाच्या पेरापेक्षा लहान पिपाणी केली आणि गालात धरली. श्वास आत घेतला की सुंय्... आणि ओठ जवळजवळ मिटलेले! मला स्वतःच्याच हुशारीने रडू आलं.

तिन्हीसांजेला मी आजीसमोर जाऊन छाती धरून बसले. सुंय्. सुंय्.

आजीने हातातली वाती वळायची ताटली खाली ठेवली. "काय झाला गो?"

"माका दमो लागलो."

"खंय?"

"छातीत."

आजीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या फुगलेल्या गालाकडे. "तोंड उघड बघू" असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "अरे देवा! हिका पण? गे सूनबाय, आता घरात दोन दमे! चल, हिचा पण पथ्य सुरू कर. नुस्ता बंद."

नुस्तं म्हणजे मासे. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोरीला मासे बंद. त्या दिवशी घरात बांगड्याचं तिखलं होतं.

"तिका शेळयेचा दूध गावता," मी पिपाणी जिभेखाली ढकलत म्हटलं.

"शेळी एकच आसा. तुका पेज."

रुईचं पान मला इतकं गरम लावलं की माझा दमा क्षणभर थांबला. मग काढा, अडुळशाचा, कडू जहर. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते? भाताच्या खोलीत मला जागा मिळाली, पण पेटाऱ्यावर नाही. तिथे दोघींचीच जागा. माझी चटई खाली, मुडींच्या खोबणीत. मी मान वर करून पाहिलं तर पेटाऱ्यावर मुंबईवाली पाय जवळ घेऊन बसली होती, डोक्यावरून चादर ओढून, गोणपाटात बांधलेल्या फणसासारखी.

आजी धुरीचे निखारे आणायला स्वयंपाकघरात गेली. चादरीतून आवाज आला, "तुझी शिट्टी चुकते."

"कसली शिट्टी?"

"तू श्वास आत घेताना वाजवतेस. आत घेताना नाही वाजत एवढं. बाहेर सोडताना वाजतं. आत घेताना फक्त पुरत नाही."

दम्यातसुद्धा तिचा पहिला नंबर! मला वाटलं पिपाणी काढावी आणि तिच्या नाकात घालावी.

"मी आजयेक सांगान," मी म्हटलं. काय सांगणार होते कोण जाणे.

"सांग. मीपण सांगेन पिपाणीचं." मग थोडा वेळ ती नुसती श्वास घेत राहिली. तो आवाज जवळून ऐकला तो पहिल्यांदाच. दाराच्या फटीतून वारा रेटून येतो तसा. "तुझं काय गं, तू बाहेर झोपतेस. तुला रोज बाहेर झोपायला मिळतं."

मी चाट पडले. "लोट्यार?"

"इथे झुरळं आहेत. वरून पडतात. एकदा माझ्या ओठावर चाललं. मी रात्रभर चादरीत तोंड घालून असते, मग मला श्वास येत नाही. आणि धूर. मला वाटतं या खोलीत मी मरेन."

"मगे सांगत कित्याक नाय आजयेक?"

"बाबांनी सांगितलंय, आजीच्या घराला नावं ठेवायची नाहीत. ती मनापासून करते."

कोणत्याही भल्या मुलीला इथे दया आली असती. मला काय झालं ते सांगते. मला आधी राग आला: माझ्या खोलीला ही मरणाची खोली म्हणते! मग लगेच दुसरा राग आला: ती माझ्या लोट्यावर डोळा ठेवून आहे! म्हणजे तिला तोही हवा! आणि मग, रागाच्या मागोमाग, एखादा व्यापारी दुकानात शिरावा तसा एक विचार माझ्या डोक्यात शिरला. तिला बाहेर जायचंय. मला पेटारा हवाय.

"तू भायर गेलंस," मी म्हटलं, "तर पेटाऱ्यार कोण?"

चादर खाली आली. तिचे डोळे लाल होते. "तू."

"आवशीची शपथ?"

"आईची शपथ. पण आजी जाऊ देणार नाही. वारा लागेल म्हणेल."

आता आजीला वाऱ्यापेक्षा मोठं काय होतं, ते त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी ते मुंबईवालीच्या कानात सांगितलं. एवढी अक्कल मी गणिताला लावली असती तर मास्तरांनी माझी आरती केली असती.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आजी अंगणात तुळशीपाशी दिवा लावायला गेली. त्याआधी तिने खोलीत धुरी ठेवली होतीच. मी दार मुद्दाम उघडं सोडलं. मुंबईवाली खोकत खोकत बाहेर आली, लोट्याच्या पायऱ्या उतरली आणि सांगितल्याप्रमाणे धावत जाऊन तुळशीच्या वृंदावनाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली.

खरं सांगायचं तर तिला नाटक करायची गरजच पडली नाही. ती इतक्या धापा टाकत होती की खांदे कानांपर्यंत उचलले जात होते. ओठ निळसर दिसत होते. मी लोट्यावर उभी होते आणि गालातली पिपाणी थुंकून टाकली, ती कुठे पडली ते पाहिलं नाही.

"वारो! वारो लागात! भितुर चल!" आजी ओरडली. पण हातात दिवा, समोर तुळस, आणि पोर तुळशीला धरून. तुळशीला मिठी मारलेलं पोर ओढून काढायचं, तेही दिवेलागणीला? आजीचा हात पुढे झाला आणि तसाच थांबला. तिने दिवा ठेवला. हात जोडले. तोंडाने सुरू झाली तिची रोजची म्हणणी, त्यात आज जास्तीची भर: "माये, माझ्या चेडवाक सांभाळ..." आई स्वयंपाकघरातून धावत आली होती. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि आजीला एवढंच म्हणाली, "रवांदे, आये. वायच थांबा."

घरात तिचं कुणी ऐकत नसे. त्या संध्याकाळी ऐकलं.

समुद्राकडून गार हवा येत होती. आजीची म्हणणी लांबत गेली. तिला मधे थांबायचा धीर होईना. आणि त्या वेळात तो आवाज हळूहळू बारीक होत गेला, जसा दूर जाणाऱ्या होडीवरचा. खांदे खाली आले. मुंबईवालीने गाल वृंदावनाच्या मातीवर टेकवला आणि डोळे मिटले.

आजीने हात जोडलेलेच ठेवून खाली वाकून तिची छाती ऐकली. मग सरळ झाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुळशीमायेन हात धरलो," ती म्हणाली. "बघ गो सूनबाय, तुळशीन धरलो हात! डागतर काय सांगतलो? आता हिचा अंथरूण तुळशीसमोर. लोट्यार. मी सांगतंय ना, वारो तिच्या आड येवचो नाय."

ही योजना कुणाची होती, हे ओरडून सांगावं असं मला वाटलं. पण ते सांगितलं तर पेटारा गेला असता. तुळशीला श्रेय देऊन मी गप्प बसले. अजूनही तुळशीला पाणी घालताना मला वाटतं, या बाईने माझं नाव एकदा तरी घ्यायला हवं होतं.

त्या रात्री आजीने स्वतः तिचं अंथरूण लोट्यावर घातलं, आईच्या शेजारी, म्हणजे माझ्या जागेवर. घातलं तर घातलं. मी पेटाऱ्यावर चढले, पाय ताणले. जिंकले होते! आजी आली, माझ्या शेजारी पडली. मी हात पुढे केला. झाकण उचललं गेलं, गुळाचा खडा आला. मी तो गालात घातला आणि जगात आता काही मागायचं उरलं नाही असं वाटलं.

तेवढ्यात आजी उठून बसली.

"काय झाला?"

"थयसर पोर एकटा निजला आसा."

"माझी आवस आसा ना तिच्याबरोबर!"

"तुझ्या आवशीची झोप म्हणजे दगड. तिका काय कळता?" आजीने आपलं घोंगडं उचललं, उशी काखेत मारली. "तू नीज हां. तुका खंय भय आसा? तुझो दमो तर काल पेजेन बरो झालो."

आणि ती गेली. पेटारा मला मिळाला होता, अख्खा. मी मध्यभागी आडवी झाले. त्या खोलीत आजीच्या घोरण्याखाली आजवर किती आवाज दडलेले होते ते मला तेव्हा कळलं. मुडींच्या गवतात काहीतरी सरसरत होतं. माळ्यावर मडकं हललं. मग टप्प करून काहीतरी उशीवर पडलं आणि माझ्या कपाळावरून चालत गेलं, सहा पायांनी, घाई न करता. जन्मभर मी झुरळ झोपेत झटकलं होतं. जागेपणी ते कसं लागतं ते त्या दिवशी समजलं, कारण ते त्या पोरीने मला शब्दांत सांगून ठेवलं होतं. माझ्या चांगल्या निर्ढावलेल्या अंगाची तिने वाट लावली होती.

मी टिकले. मानी होते ना! पेटाऱ्यावर गोधडी डोक्यावरून घेऊन, तोंड झाकून, अगदी तिच्यासारखी बसून राहिले. पण फार वेळ नाही. मग गोधडी ओढत लोट्यावर आले. आजी मध्ये, मुंबईवाली तिच्या पुढ्यात, आई पलीकडे. आईने डोळे न उघडता आपल्या पांघरुणाचं टोक उचललं. तिची झोप दगड होती म्हणे.

पुढे ती मुलगी बरी होत गेली. एकदम नाही, आभाळ भरून आलं की छाती वाजायचीच, पण ती बाहेर बसली की उतरायची. भाताच्या खोलीची धुरी आजीने बंद केली नाही, फक्त तिथे आता कुणी निजत नव्हतं, त्यामुळे झुरळांवर उपचार चालू राहिले. आणि बरी झाल्यावर ती माझ्या जिवावरच उठली. वाळूत अनवाणी पळायला लागली. पांढरे मोजे आजीने वाती करायला घेतले. मासे खायला लागली, खायला म्हणजे काटे न काढता. आईने तिला बांगडा साफ करायला शिकवला तर तिने माझ्याहून चांगला केला, आणि शेजारणी येऊन बघून गेल्या: "मुंबयचा चेडू असान!" "माका व्हया" म्हणायला लागली आणि मास्तर वाटेत भेटले तर तिला छडी दाखवायचे नाहीत, हसायचे. माझ्या मैत्रिणी तिच्या मैत्रिणी झाल्या. माझी दोन्ही ठिकाणं गेली: पेटारा झुरळांना आणि लोटा तिला.

तरी मी दिवस मोजत होते. शिमग्याला काका येणार, तिला घेऊन जाणार. एकदा मी विहिरीवर आईला म्हटलं, "आता शिमग्याक ती जातली ना?"

आई कळशी भरत होती. म्हणाली, "बरा वाटत नसता तर नेतले होते. आता बरा वाटता मा? मगे कित्याक नेतले?"

आई कळशी घेऊन घराकडे निघाली तरी मी उभीच. म्हणजे ती आजारी राहिली असती तर गेली असती. मी तिला बाहेर काढलं, म्हणून ती बरी झाली. आणि बरी झाली म्हणून ती राहणार! हे गणित काका आले तेव्हाच सांगून गेले होते आणि माझ्या डोक्यात ते शिमग्याच्या तोंडावर शिरलं.

मी शेवटचा प्रयत्न केला. तिला म्हटलं, "शिमग्याच्या दिवसात लोट्यार भुता येतत. भितुर निजलेला बरा."

ती सागरगोटे झेलत म्हणाली, "झुरळांपेक्षा बरी."

काका आले. बोटीवरून उतरले ते अंगणात पोचले आणि मुलगी माडावरून उतरताना बघून तिथेच बसले. माडावरून म्हणजे पुरती वर नव्हती गेली, माझ्यापेक्षा थोडीच वर. काकांनी तिची छाती ऐकली, पाठीवर कान ठेवून ऐकली. मग आजीच्या पायाला हात लावला. "आये, डागतरान सांगितला होता, समुद्राची हवा!"

"हवा कसली? तुळस!" आजी म्हणाली.

"जा काय ता आसांदे. हिका हयसरच रवांदे, आये. शाळेत घाल. मुंबयक नेवन परत ता नको."

सगळ्यांना आनंद झाला. आजीने पेटारा उघडून उरलेलं खाजं आणलं. मला पण दिलं. आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा तोंड असा कित्याक झाला गो? कच्ची काजूबी खाल्ल्यासारखा?"

"बरा झाला," मी म्हटलं. दातांत खाजं होतं म्हणून एवढंच निघालं.

ती पुढे बरीच वर्षं आमच्याकडे राहिली. माझी जागा मला परत मिळाली नाही, पण मी लढून अर्धी मिळवली. लोट्यावर आजी मध्ये, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. सुरुवातीला मला वाटलं, झालं, समसमान. पण म्हातारी निजायची डाव्या कुशीवर, आणि डावीकडे ती. तिला आजीचं तोंड, श्वास, हात, गोष्टी. मला पाठ. मऊ, गोल, तपकिरीच्या वासाची, पण पाठ.

एकदा मी त्या पाठीला हळूच चिमटा काढला.

"आई गे! ढेकूण!" म्हणत आजी वळली, आणि तिचं तोंड माझ्याकडे आलं. मी लगेच तिच्या गळ्यात हात टाकला. किती सोपं होतं! मी डोळे मिटले, इतकी सुखात होते की झोप लागायलाच आली.

"आई गे!" आजी पुन्हा दचकली आणि पलीकडे वळली.

मी मान वर करून पाहिलं. आजीच्या खांद्यावरून मुंबईवाली माझ्याकडे बघत होती. शांत, स्वच्छ श्वास घेत. तिने एक आवाज न करता दात काढून दाखवले.

मी पुन्हा चिमटा काढला.

"काय गो बायांनो," आजी अंधारात उठून बसत म्हणाली, "पेटाऱ्यातले सगळे ढेकूण लोट्यार राहूक इले की काय?"